थांबायचं कुणी?

गरज-पत्रकातल्या एका रकान्यात सगळ्यांनी एकच उत्तर लिहिलं होतं. ‘वायरलेस कुठे कुठे चालायला हवा?’ अग्निशमन दलानं लिहिलं, संपूर्ण विमानतळ. सुरक्षेनंही तेच. सामान चढवणाऱ्या कंपन्या, इंधनवाले, जेवणाच्या गाड्या, सफाईचे ठेकेदार, इतकंच काय हरवलेल्या सामानाची चौकशी घेणारी खिडकी, प्रत्येकाला संपूर्ण विमानतळ हवा होता. चॅनेलच्या रकान्यात ‘स्वतंत्र, एक’. काहींनी ‘स्वतंत्र, दोन’ लिहून ठेवलं होतं. दोन मागितले तर निदान एक तरी पदरात पडेल, या हिशोबानं.

मी रेडिओ नियोजनाचं काम करते. सेट कुठे लागेल, कुठे लागणार नाही, अँटेना कुठल्या भिंतीवर बसवायचे, किती जण एका वेळी बोलू शकतील, हे कागदावर आधी मांडायचं आणि मग जागेवर जाऊन ताडून पाहायचं, असा हा व्यवसाय. पश्चिम भारतातल्या एका मोठ्या विमानतळावर नवी इमारत उभी राहत होती आणि तिथल्या सगळ्या खात्यांसाठी, कंपन्यांसाठी मिळून एकच सामाईक वायरलेस यंत्रणा करायची ठरली होती. तोवर ज्याचा त्याचा कारभार वेगळा होता. प्रत्येक कंपनीचा आपला रिपीटर (सेटची लहर पकडून पुन्हा जोरानं सोडणारं यंत्र), आपली परवानगी, आपले सेट, आणि जुन्या इमारतीच्या गच्चीवर आपला अँटेना.

ती गच्ची हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होता. वेगवेगळ्या वर्षांत आलेल्या माणसांनी मिळेल त्या नळीला मिळेल त्या क्लँपनं अँटेना आवळून ठेवले होते. केबल सुतळीनं आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेली. समुद्राकडून येणारा वारा आणि पावसाळा यांनी क्लँपवर तांबेरा चढवला होता. विमानांच्या मार्गामुळे उंच मनोरा बांधायचीही सोय नव्हती. धावपट्टीच्या कडेच्या पट्ट्यापासून बाजूला ७ मीटर सरकलं की १ मीटर उंची, असा उताराचा नियम आंतरराष्ट्रीय मानकांतच आहे. त्यामुळे सगळ्यांनी त्याच बुटक्या गच्चीवर दाटी केलेली.

दाटीचा त्रास असा की एकमेकांना काहीही न करता ते एकमेकांना त्रास देत होते. समजा एकाचा ट्रान्समीटर १६०.५०० मेगाहर्ट्झवर आणि शेजाऱ्याचा १६०.२५०वर चालू आहे. दोन्ही एकाच वेळी बोलू लागले की गंजलेल्या जोडावर दोन्ही लहरी मिसळतात आणि तिसरीच लहर जन्माला येते. पहिलीची दुप्पट वजा दुसरी, म्हणजे १६०.७५०. त्या जागी जर तिसऱ्या कुणाचा रिसीव्हर ऐकत बसला असेल, तर त्याच्या कानात खरखर सुरू. तिथे नेमकं हेच होत होतं. सुरक्षेचे लोक म्हणायचे, संध्याकाळी रेंज जाते. रेंज कुठेही जात नव्हती. संध्याकाळी बाकी दोघांचं काम वाढायचं, इतकंच. मी ॲनालायझर घेऊन गच्चीवर बसले आणि पडद्यावर ती तिसरी रेघ उठताना पाहिली. सोबतच्या तंत्रज्ञानं एक क्लँप हातानं दाबून धरला, तर रेघ निम्मी झाली. सोडला, पुन्हा वर. आमच्यात याला गंजक्या बोल्टचा दोष म्हणतात, आणि आयुष्यभर रेडिओची पुस्तकं वाचूनही तो असा हाताखाली सापडला की माणूस हरखतो.

तर एकत्र यंत्रणा करायला कारणं भरपूर होती. गच्ची एक, लहरींची परवानगी देणारं दिल्लीचं कार्यालय एक, आणि लहरी तर मोजक्याच. अडचण तंत्राची नव्हतीच. सामाईक म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, आपलं काही तरी जाणार.

मी नियंत्रण कक्षात कानाला हेडफोन लावून बसायची परवानगी मागितली. पत्रकात लोक काय लिहितात आणि सेटवर काय बोलतात, यांचा बहुतेक वेळा संबंध नसतो. रात्रीच्या पाळ्याही ऐकल्या, कारण आपल्याकडे परदेशी विमानांची गर्दी मध्यरात्रीनंतर असते. वही घेऊन प्रत्येक बोलण्यापुढे सेकंद लिहीत गेले. बहुतेक बोलणी चार ते दहा सेकंदांची. “एकतीसला स्टेप लॅडर पाठवा.” “आलो, दोन मिनिटं.” “चोक्स ऑन.” “बेल्ट तीनला बॅगा अडकल्यात, कुणी आहे का?” याच्या मधोमध एखादा अधिकारी पाऊण मिनिट भाषण करायचा, आणि त्या पाऊण मिनिटात चार माणसं बटण दाबून हात चोळत बसायची.

ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. विमान जागेवर उभं राहिलं की पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याच्याभोवती सात-आठ कंपन्यांची माणसं जमतात. चाकांना अडसर लावणारा, शिडीवाला, बॅगा उतरवणारे, इंधनाचा टँकर, जेवणाची गाडी, सफाईवाले, शेवटी विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर. एका विमानाचं काम, पण प्रत्येकाचा चॅनेल वेगळा. त्यामुळे ‘चोवीस नंबरला नाही, एकतीसला येतंय’ ही एक ओळ चार मार्गांनी फिरायची. नियंत्रण कक्षातून कंपनीला फोन, कंपनीतून रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, सेटवर, टँकरवाल्याला कुणाच्या तरी मोबाइलवर. जेवणाच्या गाडीला कळायचं ते चोवीस नंबरवर पोहोचल्यावर, समोर रिकामी जागा पाहून. प्रत्येकानं स्वतंत्र चॅनेल मागितला होता आणि त्यांची खरी नड नेमकी उलटी होती. त्या पाऊण तासापुरतं त्यांना एकत्र ऐकायला हवं होतं.

एकत्र ऐकायला मात्र कुणी तयार नव्हतं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. सामान हाताळणाऱ्या दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. आपली माणसं कमी पडलीत हे दुसरीला कशाला कळू द्यायचं? विमान कंपन्यांना आपला उशीर शेजाऱ्याच्या कानावर जायला नको असतो. बोलणं आपसात राहायला हवं, हीसुद्धा कामाचीच गरज आहे. ती पत्रकात कुणी लिहिली नव्हती, कारण तिला रकाना नव्हता.

यंत्रणा टेट्रा जातीची निवडली गेली. नव्वदच्या दशकात युरोपात ठरलेलं हे मानक पोलीस, अग्निशमन, मेट्रो, विमानतळ अशा ठिकाणी जगभर चालतं. त्यात २५ किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीचे वेळेनुसार चार कप्पे पाडतात. आम्हाला एका ठिकाणी दोन वाहक मिळणार होते, म्हणजे आठ कप्पे. एक यंत्रणेच्या स्वतःच्या कारभाराला जातो, उरले सात. सात कप्पे, आणि दारात सातापेक्षा कितीतरी जास्त गिऱ्हाइकं.

इथे मला कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अग्नर अर्लांग या गणितज्ञाचा आधार असतो. १९०९ साली त्यानं टेलिफोनच्या गर्दीचं गणित मांडायला सुरुवात केली, आणि त्याच्याच नावानं आम्ही आजही गर्दी मोजतो. एक चॅनेल तासभर सलग व्यापला, तर तो एक अर्लांग. बैठकीत मी हे गणित फळ्यावर केलं, कारण छापून नेलेला तक्ता कुणी वाचत नाही. समजा, सात कंपन्या, सात कप्पे म्हणजे सात चॅनेल. गर्दीच्या तासात सगळ्यांचं मिळून १,८०० वेळा बोलणं होतं, एका वेळचं बोलणं सरासरी ८ सेकंदांचं. झाले ४ अर्लांग. प्रत्येक कंपनीला एकेक चॅनेल वाटून दिला, तर बटण दाबणाऱ्या शंभरातल्या सत्तावन्न जणांना चॅनेल अडलेला मिळेल, आणि अडलेला माणूस सरासरी अठरा-एकोणीस सेकंद ताटकळेल. तेच सात चॅनेल सगळ्यांत मिळून वापरले तर शंभरातले तेरा-चौदा जण थांबतील, तेही सरासरी तीन सेकंदांहून कमी. रेल्वेच्या आरक्षणाला प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावायची की सगळ्या खिडक्यांसाठी एकच रांग, यात जो फरक पडतो तोच हा. चॅनेल तेवढेच, माणसं तेवढीच.

एक कंपनी म्हणजे एकच गट नसतो हे खरं. त्यांचे आत तीन-चार गट असतात आणि एका गटात एका वेळी एकच जण बोलतो, त्यामुळे प्रत्यक्षातलं चित्र याहून गुंतागुंतीचं असतं. पण कल बदलत नाही.

मग मी फळ्यावर दुसरी ओळ लिहिली. बोलणं दीडपट झालं, १,८००चं २,७०० झालं, तर? सात चॅनेल तसेच. आता शंभरातले एकसष्ट जण थांबतात आणि सरासरी आठ सेकंद थांबतात. बोलणं दीडपट, पण थांबणारी माणसं साडेचारपट. सामाईक यंत्रणेचा हा स्वभाव आहे. एक मर्यादा ओलांडेपर्यंत ती कुणाला जाणवतही नाही, आणि एकदा ओलांडली की सगळ्यांना एकदम जाणवते. स्वतंत्र चॅनेल असताना एकाची गर्दी त्याच्यापुरती असते. एकत्र आल्यावर गर्दीही एकत्र येते. ही ओळ मी मुद्दाम लिहिली. बचतीची बाजू दाखवायची आणि ही झाकायची, असं करून मंजूर झालेल्या यंत्रणा मी पाहिल्या आहेत. पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या नावानं बोटं मोडली जातात.

खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका कंपनीच्या व्यवस्थापकांनी विचारलं, “म्हणजे मॅडम, थांबायचं कुणी?”

नियोजनाचा सगळा प्रश्न त्यांनी दोन शब्दांत विचारला होता. पुढचे कित्येक महिने आम्ही त्याच्यावरच भांडलो.

भांडणाकडे वळण्याआधी एक जुनी घटना सांगायला हवी, कारण बैठकांत ती वारंवार निघायची. २७ मार्च १९७७ला तेनेरीफच्या लोस रोदेओस विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यातलं एक रेडिओचं. नियंत्रण मनोरा आणि पॅन ॲमचा वैमानिक एकाच क्षणी, एकाच चॅनेलवर बोलले. उड्डाणाला निघालेल्या केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्या दोन वाक्यांच्या जागी एक शीळ ऐकू आली. विमानांचा तो रेडिओ आजही जुन्या एएम पद्धतीचा आहे, आणि त्यात निदान शीळ तरी ऐकू येते, दोघे बोलताहेत हे कळतं. आमच्या जुन्या एफएम वॉकीटॉकीत तेही नव्हतं. तिथे ज्याची लहर जोरकस तो ऐकू येतो आणि दुसरा मागमूस न ठेवता पुसला जातो. रिपीटरच्या जवळ उभा असलेला सुपरवायझर तळघरातल्या लोडरला दिवसभर पुसून टाकत होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. लोडर ओरडा खायचा, “सेटवर उत्तर का देत नाहीस?” नव्या यंत्रणेत दुसऱ्यानं बटण दाबलं तर त्याला नकाराचा आवाज मिळतो. चॅनेल मोकळा झाला की पाळी येते. ‘आपलं बोलणं पोहोचलेलं नाही’ हे कळणं, हा माझ्या मते या यंत्रणेचा सगळ्यात मोठा गुण, आणि विकायला येणारे लोक नेमका तोच सांगत नाहीत.

तळघराचं नाव निघालंच आहे. सामानाच्या पट्ट्यांचं तळघर म्हणजे काँक्रीट, पत्र्याच्या नळ्या आणि लोखंडी सापळा. गच्चीवरून कितीही जोर लावला तरी तिथे लहर उतरत नाही. तिथे छताला धरून रेडिएटिंग केबल टाकावी लागते. या केबलच्या बाहेरच्या तांब्याच्या कवचाला ठरावीक अंतरावर खाचा असतात, त्यातून लहर झिरपत राहते. कागदावर मी ती मुख्य मार्गिकेतून नेली होती. जागेवर ताडून पाहायला गेले तेव्हा रात्रपाळीचे एक ज्येष्ठ सुपरवायझर सोबत आले. मालवणकडचे, नोकरीत केस पिकलेले. मी सेट कानाजवळ धरून मोजमाप घेत चालले होते. ते म्हणाले, “मॅडम, असा सेट कोण धरतो? हात रिकामे असतात का आमचे?” त्यांनी माझा सेट घेऊन कमरेच्या पट्ट्याला अडकवला, वर रेनकोट ओढला आणि म्हणाले, “आता मोजा.”

कमरेला लावलेल्या सेटचा सिग्नल शरीर गिळतं. डोक्याजवळ धरलेल्या सेटच्या तुलनेत ८-१० डेसिबेल सहज जातात, आणि १० डेसिबेल म्हणजे दहावा हिस्सा उरला. हे पुस्तकात असतं, मलाही पाठ आहे. पण त्या रात्री पट्ट्यांच्या मधल्या बोळकांड्यांत ते वाकून चालत होते, मी मागे. मुख्य मार्गिकेत हिरवे दिसणारे आकडे बोळात लाल व्हायला लागले. लोडर मुख्य मार्गिकेत उभे राहतच नाहीत, बॅग अडकते ती बोळात. एका वळणावर ते थांबून म्हणाले, “आमच्या पोरांना सेट बोलायला नको हो, ऐकायला हवा. पट्टा सुरू होतोय, हात काढा, एवढं ऐकू आलं म्हणजे झालं.” केबलचा मार्ग बदलला. खर्च वाढला. खर्चाच्या टिपणीत मी ‘बोळांतील कर्मचाऱ्यांना श्रवण-सुविधा’ असं काहीतरी सरकारी लिहिलं. मंजूर झालं.

उघड्यावरही तसंच. विमानं उभी राहण्याच्या जागांची पाहणी पहिल्यांदा झाली तेव्हा जागा रिकाम्या होत्या, सिग्नल सगळीकडे उत्तम. पण ती जागा रिकामी असताना तिथे कुणाला सेट लागत नाही. लागतो तेव्हा मध्ये ॲल्युमिनियमचं धूड उभं असतं. ए-३८०चं शेपूट २४ मीटर उंच आहे, आणि त्याच्या सावलीत इंधनवाला उभा राहून बोलणार. म्हणून दुसरी पाहणी रात्री एक ते तीनमध्ये, सगळ्या जागा भरलेल्या असताना केली. प्रत्येक जागेला किमान दोन दिशांनी लहर यायला हवी, हा नियम त्या पाहणीतून निघाला.

यंत्रणा सामाईक झाली की आणखी एक छुपा खर्च येतो, तो ऐकणाऱ्यांचा. एका गटात कुणी बोललं, की त्या गटाचा एक जरी सदस्य ज्या ज्या केंद्राच्या, म्हणजे यंत्रणेच्या अँटेना-ठिकाणाच्या, हद्दीत असेल तिथे तिथे एकेक कप्पा अडतो. रॅम्पच्या गटातली वीस माणसं टर्मिनलपाशी आहेत आणि एक मोठे साहेब ‘कानावर असू दे’ म्हणून तोच गट लावून मालवाहू विभागाच्या कँटीनमध्ये बसले आहेत, तर मालवाहू विभागाच्या केंद्राचाही एक कप्पा प्रत्येक बोलण्याला खर्ची पडतो. साहेब एक अक्षर बोलत नाहीत, नुसते ऐकतात. नोंदी काढल्या तेव्हा मालवाहू केंद्रावरची बरीचशी गर्दी अशीच, दुसरीकडच्या बोलण्याची निघाली. उपाय यंत्रणेत असतो. गट ठरावीक केंद्रांपुरता बांधून टाकता येतो. बांधला. त्यानंतर मला ज्या कार्यालयातून फोन आले, त्यांची पदं इथे लिहीत नाही.

आता भांडण. यंत्रणा प्रत्येक गटाला आणि सेटला प्राधान्याची पायरी देऊ देते. चॅनेल भरलेले असले की वरच्या पायरीचा माणूस रांगेत पुढे येतो. सगळ्यात वर आणीबाणीचं लाल बटण. ते दाबलं तर रांग नाही, कुणाचं तरी चालू बोलणं मध्येच तोडून कप्पा मोकळा केला जातो. कुणाचं, हे आधी लिहून ठेवावं लागतं.

सगळ्यांनी स्वतःला वर लिहिलं, हे सांगायला नकोच. शिष्टाचार विभागानं महनीय व्यक्तींच्या आगमनासाठी अग्निशमनाच्या बरोबरीची पायरी मागितली. इंधनवाल्यांचं म्हणणं, आमच्याकडे आग लागली तर? त्यावर अग्निशमनवाले म्हणाले, तर तुम्ही लाल बटण दाबाल, त्यासाठी रोज वरच्या पायरीवर बसायची गरज नाही. हा युक्तिवाद मला पटला, आणि पुढे मी तो बऱ्याच जणांवर वापरला. रोजचं महत्त्व वेगळं, प्रसंगाचं वेगळं. रोजच्या कामात सफाईवाल्याचं ‘विमान तयार’ हे दोन शब्दांचं बोलणं एखाद्या अधिकाऱ्याच्या चौकशीपेक्षा निकडीचं असतं, कारण त्याच्यावर दीडशे माणसांचं चढणं अडलेलं असतं.

सगळ्यात अवघड मुद्दा ज्यांनी काढला, त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. अग्निशमन दलाचे प्रमुख तोवर फारसं बोलले नव्हते. लाल बटणानं कुणाचं बोलणं तुटेल याची यादी मी पडद्यावर दाखवत होते, खालच्या पायरीपासून वर. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. धावपट्टीची तपासणी करणाऱ्या आणि पक्षी हाकलणाऱ्या गाड्यांचा गट. माणसं थोडी, बोलणं थोडं, त्यामुळे यादीत खाली. ते म्हणाले, “हा गट तुटता कामा नये. आमच्या लाल बटणासाठीसुद्धा नाही.” कुणीतरी विचारलं, आग महत्त्वाची की पक्षी? ते म्हणाले, “गाडीवाला सांगत असतो, धावपट्टी मोकळी झाली, किंवा अजून मोकळी नाही. त्यातला ‘नाही’ तुमच्या बटणानं कापला गेला, तर मग मला आग विझवायला जावं लागेल.”

त्या गटाला तोडण्याच्या यादीतून बाहेर काढलं. म्हणजे एक कप्पा कायमचा अडकल्यासारखाच झाला, सातातले हिशोबाला सहा उरले. माझं सगळं गणित पुन्हा करावं लागलं, आणि त्या गटाच्या केंद्राला तिसरा वाहक मागायचं समर्थन त्याच एका वाक्यातून मिळालं. अर्जात मी ते वाक्य जवळजवळ तसंच टाकलं.

महनीय व्यक्तींचा प्रश्न शेवटपर्यंत तडजोडीवर राहिला. त्यांना वेळेपुरती वरची पायरी मिळते, आगमनाच्या आधी चालू करून नंतर बंद करायची. बंद करायचं काम कुणाचं, यावर अजून कुरबुर चालते.

वाय-फायची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती याच दुखण्याची धाकटी बहीण आहे. बॅगांचे स्कॅनर, चेक-इनचे टॅब्लेट, दुकानांची यंत्रं, प्रत्येकाला हवेत आपल्या नावाचं नेटवर्क हवं. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा आपण आहोत असं जाहीर करतं, आणि तेही सगळ्यात संथ गतीत, म्हणजे लांबच्यालाही कळावं म्हणून. बारा नावं, एका चॅनेलवर एकमेकांच्या कानाशी असलेली सहा यंत्रं, की खरं काम सुरू व्हायच्या आधीच हवेतला बराच वेळ हजेरीत संपतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, पण त्यातल्या बऱ्याच चॅनेलवर रडारचा मान आधी. रडारची चाहूल लागली की यंत्रानं दहा सेकंदांत तो चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. विमानतळावर रडार असणार हे वेगळं सांगायला नको. म्हणून बॅगांच्या स्कॅनरसाठी असे चॅनेल मी टाळले, आणि नावं चारवर आणली. आत कोण कुणाचं, हे ओळखपत्रावरून ठरतं, नाव एकच. दुकानदारांची समजूत काढायला रेडिओचं ज्ञान फारसं कामाला आलं नाही. पाटी दुकानावर लावा, हवेत कशाला, असं सांगितल्यावर पटलं.

यंत्रणा सुरू झाल्यावरची खरी कसोटी पावसाळ्यात. गर्दीचा तास म्हणून आम्ही मध्यरात्रीनंतरचा तास धरला होता, आणि नेहमीच्या दिवशी तो बरोबरच निघतो. वीज कडाडायला लागली की मात्र उघड्यावरचं काम थांबवायचा इशारा होतो आणि माणसं आडोशाला जातात. त्या वेळी हवा शांत असते, नोंदींमध्ये बोलणं जवळजवळ शून्य. इशारा उठला की सगळे एका मिनिटात बोलायला लागतात. जागा बदललेल्या, विमानं वर घिरट्या घालून एकापाठोपाठ उतरलेली, ट्रॅक्टर कुठे, शिडी कुठे. ती पहिली दहा मिनिटं, माझ्या फळ्यावरची दुसरी ओळ. सरासरीत तो काळ दिसतच नाही, तासाच्या आकड्यात विरून जातो. त्यानंतर आम्ही तासाऐवजी पाच-पाच मिनिटांचे आकडे काढायला लागलो.

त्यावर इलाज म्हणून आणखी चॅनेल मागता आले असते. त्याऐवजी रॅम्पच्या लोकांनीच एक पद्धत काढली. इशारा उठला की पहिली तीन मिनिटं फक्त नियंत्रण कक्ष बोलतो, जागांची नवी यादी सामाईक गटावर दोनदा वाचतो, बाकीच्यांनी ऐकायचं. निम्म्याहून जास्त प्रश्नांची उत्तरं त्या यादीतच असतात, त्यामुळे प्रश्न विचारलेच जात नाहीत. स्पर्धक कंपन्यांनी सामाईक गटाला मान्यता दिली ती अशी, आधी फक्त पावसापुरती. आता जागा-बदलासाठी तो गट बारा महिने चालतो. कंपन्यांचे खासगी गट वेगळे आहेतच, आणि त्यांच्यातलं बोलणं त्यांच्यातच राहतं.

अलीकडे मागणी येते ती मोबाइलवरच्या बटण-दाबून-बोला ॲपची. खासगी ५-जी जाळ्यांसाठी दूरसंचार विभागानं २०२२मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यापासून जोर वाढला आहे. फोटो पाठवता येतो, बॅगेचा नंबर दिसतो, सेटची किंमत वाचते. हे फायदे खरे आहेत आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण प्रत्येक सादरीकरणात मी तोच प्रश्न विचारते. जाळं भरलं तर कुणाचं बोलणं थांबेल, आणि थांबलं हे त्याला कळेल का? बहुतेक जण सांगतात, जाळं भरणारच नाही. ज्या एकानं सांगितलं की भरेल, आणि पायऱ्यांचा तक्ता उघडून दाखवला, त्याला पुढच्या चाचणीला बोलावलं आहे. चाचणी तळघरातल्या बोळात होईल, रात्री एकनंतर, फोन कमरेला, वर रेनकोट.

जेवणाच्या गाड्यांच्या कंपनीनं दरम्यान एक पायरी वर सरकवण्याचा अर्ज दिला आहे. त्यांचं म्हणणं, गरम जेवण थांबू शकत नाही. विषय वार्षिक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे, आणि सफाईवाल्यांनाही त्या दिवशी हजर राहायला सांगितलं आहे.